डमरूसाहेबाचा उंबरा

लेकीचं लग्न उद्यावर आलेल्या बापाला भुताची भीती वाटायला सवड नसते. समोर भूत उभं राहिलं तरी तो त्याच्या हातात पाण्याची कळशी देईल आणि म्हणेल, "उभा काहून राहिलास? एवढी मांडवात नेऊन ठेव." खैरमाळच्या प्रभू गवंड्याचं त्या दुपारी तसंच झालं होतं. तो निघाला होता तो साध्या कामाला. माळावरच्या कोठीत जानोसा नीट लागला का, गाद्या पुरल्या का, पिण्याच्या पाण्याचा टँकर आला का, एवढंच बघायचं होतं.

जानोसा म्हणजे नवरदेवाकडच्या मंडळींची उतरायची जागा. मुलीच्या घरी त्यांनी उतरायचं नाही, हा दंडक. आणि ती जागा जरा उणी निघाली तर नातवंडांच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. खैरमाळला जानोसा नेहमी शाळेत असायचा. पण शाळेचे पत्रे बदलायला काढलेले, वर्गातून थेट आभाळ दिसत होतं. मग उरली कोठी. ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात होती, म्हणजे कोणाच्याच ताब्यात नव्हती. प्रभूनं महिनाभर राबून ती झाडली, चुना दिला, वायर ओढून दिवे लावले. लेकीसाठी माणूस काय करत नाही!

आता या कोठीचं रूप ऐका, कारण पुढचं सगळं त्या रूपातच आहे.

कोठी काळ्या दगडाची, दुमजली, आणि छप्पर असं उतरतं की वर पडलेलं बर्फ घसरून खाली यावं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात बर्फ दिसतं ते रसवंतीवर, तेही भुश्यात गुंडाळलेलं. पण ज्यानं हे घर बांधायला घेतलं तो थंड मुलखातला, स्कॉटलंडचा. त्याचं नाव ड्रमंड. निजामाच्या फौजेत, हिंगोलीच्या छावणीवर तो साहेब होता. गावानं त्याचा डमरूसाहेब केला आणि तोही त्या हाकेला ओ द्यायला लागला. तिकडं बापजाद्यांचं मोठं घर होतं, पण त्यांच्यात रीत अशी की घर, जमीन, कुरणं सगळं थोरल्याला, आणि धाकट्याला कमरेची तलवार. डमरूसाहेब धाकटा. म्हणून त्यानं ठरवलं, तेच घर इथं उभं करायचं, दगडाला दगड जुळवून. खोलीखोलीत भिंतीतली चूल, वर धुराडं. गावातल्या बाया अजून म्हणतात, "खोलीगणिक चूल म्हंजे भावाभावात पटत नसंल मेल्यांच्या."

दक्षिणेच्या कोपऱ्यात गोल बुरूज. बुरुजाच्या पायाशी कोरीव कमान आणि कमानीवर काटेरी फूल. साहेबानं कोळशानं फरशीवर काढून दाखवलं ते त्याच्या मुलखातलं फूल होतं. गवंड्यानं ओळखलं, "हा तर आपला उंटकटारा," आणि उंटकटारा कोरून मोकळा झाला. सगळं झोकात. फक्त कमानीत दार नव्हतं. कमान दगडांनी चिणलेली. गावात तिला आंधळं दार म्हणत. खरं दार पूर्वेला, कडेला, एखाद्या गोदामाला असावं तसं.

हे करणारा गवंडी सोनाजी, प्रभूच्या आज्याचा आजा. साहेबानं बजावलं होतं, दार दक्षिणेला. तिकडं ऊन दक्षिणेनं येतं म्हणे. सोनाजीनं मान डोलावली, आणि साहेब बायकालेकरांना आणायला मुंबईला गेल्यावर कमान चिणून टाकली. तो म्हणाला, "दक्षिण यमाची. माझ्या हातानं मी यमाला वाट करून देणार न्हाई. साहेब भला माणूस हाय, त्याची लेकरंबाळं सुखात राहूद्या." मायेनं केलं बिचाऱ्यानं. पण साहेब, त्याची मडम, लेकरं, बोटीतून उतरून बैलगाडीनं निघाली ती वाटेतच महामारीनं गेली. कोठीचा उंबरा कोणी ओलांडलाच नाही. साहेबाच्या पलटणीतले दोस्त तेवढे राहिले, तेही पुढं एकेक करून हिंगोलीच्याच मातीत निजले.

मार्गशीर्षात कधीमधी, दिवस मावळताना, आंधळ्या दारावर ठोके पडतात असं गावात बोलत. कोणी म्हणे पाकोळ्या, कोणी म्हणे दगड थंड होताना वाजतो. खात्री करायला त्या वेळी तिथं थांबायचा कोण? प्रभूलाही हे ठाऊक होतं. पण सांगितलं ना, त्याला सवड नव्हती.

चारच्या सुमाराला शिरड शहापूरहून पाहुण्यांच्या गाड्या आल्या. नवरदेव विकास खाली उतरला आणि आधी कोठीचे फोटो काढायला लागला. त्याचा बाप तातेराव म्हणजे भारदस्त माणूस. मिशा मोठ्या, आवाज मोठा, आणि थोरल्या बहिणीपुढं दोन्ही लहान. ती बहीण भागूआत्या. नवऱ्यामुलाची आत्या म्हणजे लग्नातली न्यायाधीशच. तिनं गाद्या दाबून पाहिल्या, पाणी चाखून पाहिलं, भिंतीतल्या चुलीत डोकावली आणि म्हणाली, "जागा बराबर हाय." प्रभूचा जीव भांड्यात पडला.

त्या भांड्यात तो दोन ताससुद्धा राहिला नाही.

सीमांतपूजन आटोपलं, चहा फिरला. दिवस माळाच्या कडेला टेकला. बाहेर मेंढरं परतत होती, त्यांची धूळ तांबडी झाली होती. कोठीच्या बुरुजातल्या गोल खोलीत भागूआत्या पाय पसरून बसली होती, पाठ दक्षिणेच्या भिंतीला. प्रभू तिच्यासमोर पानाचं तबक धरून उभा.

ठक्... ठक्.

आत्यानं मागं पाहिलं. भिंत.

थोडा वेळ गेला. मग पुन्हा, सावकाश, अदबीनं... ठक्. आत आपली माणसं आहेत, उघडतील, असा भरवसा असलेल्यानं वाजवावं तसं.

"बाहेर कोन हाय?" आत्यानं विचारलं.

"असंल एखादं पोरगं," प्रभू म्हणाला, आणि तबक तिथंच ठेवून बाहेर पळाला.

कोठीला वळसा घालून तो आंधळ्या दाराशी आला. तिथं कोणी नव्हतं. वारा पडलेला. निंबाचं पान हलत नव्हतं. पण वास होता, ओल्या घोंगडीचा, पावसात दिवसभर चाललेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. प्रभू उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर, कमानीतल्या दगडावर ठोका पडला. चुन्याची भुकटी खाली सांडली. ठोकणारा हात काही दिसला नाही.

"कोण... कोण हाय?" प्रभूच्या तोंडून निघालं.

उत्तर आलं नाही. पण मातीवर कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, तो आवाज त्यानं ऐकला. उभं राहून अवघडलेला माणूस करतो तसा. आणि उताराखालून, जिथं गाडीवाट आहे तिथून, बैलांच्या गळ्यातले घुंगरू एकदा वाजले. मग एक लेकरू खोकलं. प्रभूनं खाली पाहिलं. वाट मोकळी होती.

तो कसा परत आला त्याला कळलं नाही. आत आला तर भागूआत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भावाच्या दंडाला धरून उभी.

"तात्या, म्या स्वता ऐकलं. दक्षिणेच्या भिंतीतून यम ठोकून राहिला. उद्या ज्याच्या डोक्यावर अक्षदा पडायच्या त्या लेकराला मी हितं निजवणार न्हाई. गाड्या काढा."

"आत्या, अहो, पाकोळ्या असतील," विकास म्हणाला.

"तू गप रे. पाकोळीला हात असत्यात का?"

तातेरावानं मिशीवरून हात फिरवला आणि व्याह्याकडं वळला. "इवाई, तुमी वाईट वाटून घेऊ नगा. पण बहिणीच्या मनात आलं म्हंजे..."

भुताला भ्याला नव्हता तेवढा प्रभू आता भ्याला. कारण लेकीचं, सीमाचं लग्न याआधी एकदा ठरून मोडलं होतं, आणि लोक अजून ते विसरले नव्हते. आता मांडवाच्या दारातून वऱ्हाड माघारी गेलं तर पोरीचं पुन्हा जमणं कठीण, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यातून तिला विकास मनापासून आवडला होता. चार महिने फोनवर बोलून, हसून, तिनं घरच्यांची झोप उडवली होती. प्रभूनं हात जोडले.

"इवाई, पाया पडतो. एक दिवस द्या. उद्या गोरज मुहूर्त हाय ना, तवर मी याचा बंदोबस्त करतो."

तातेराव बहिणीकडं बघायला लागला. बहीण भिंतीकडं. शेवटी ठरलं ते असं: रात्री मंडळींनी कोठीच्या पूर्वेच्या पडवीत, दिव्याखाली निजायचं. उद्या दिवस मावळताना सगळ्यांनी याच गोल खोलीत बसायचं. ठोका आला नाही, तर नवरदेव घोडीवर चढेल आणि मांडवात येईल. आला, तर गाडीत चढेल आणि शिरडला जाईल.

प्रभू घरी आला तर सीमा हळदीनं पिवळी होऊन अंगणात बसलेली. तिला बातमी आधीच पोचली होती, विकासचा फोन होताच. ती बापाकडं बघून हसली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "बाबा, या बारीला मोडलं न, तर मला न्हाई सोसायचं." एवढंच बोलली आणि आत गेली. प्रभू ओसरीवर खांबाला टेकला आणि ढसाढसा रडला. मिस्त्री माणूस, हात दगडासारखे, पण लेकीचा बाप.

त्याची आई कौशल्याबाई तिथंच लसूण सोलत होती. ऐंशी ओलांडलेली, दात गेलेले, जीभ शाबूत. तिनं सगळं नीट विचारून घेतलं. वास कसला होता, पाय कसे वाजले, लेकरू कुठं खोकलं.

"प्रभ्या, तो यम न्हाई रे," ती म्हणाली. "यम कुठं दार वाजवून येतो? तो पाव्हणा हाय. रुसलेला सुदीक न्हाई, नुसता ताटकळलेला. लेकराबाळांना गाडीत बसवून, दार उघडतंय का बघायला पुढं आलाय. अन् आपल्या सोनाजीबानं दारच बुजवून ठेवलं."

"मग आता काय करू?"

"काय करू इचारतो? दारात पाव्हणा उभा ठेवून कोणी लगन करतं का? दार काढ. पाय धुवायला पाणी ठेव. अक्षद दे, टावेल-टोपी दे. मानपान झाला की पाव्हणा बसतो, हे तुला म्या सांगावं?"

"पण आई, दक्षिणेला दार? त्यात लग्नाच्या दिवशी? सोनाजीबाचा शब्द..."

"सोनाजीबाचा शब्द पाळून साहेब वाचला का?"

प्रभूनं डोळे पुसले आणि छन्नी-हातोडा काढून ठेवला.

सकाळी उजाडताच तो छन्नी, हातोडा आणि पहार घेऊन कोठीवर गेला. बरोबर त्याचा लहानपणचा दोस्त इनायत सुतार. कोणाच्या तरी नव्या घरासाठी केलेली सागवानी चौकट दारासकट त्यानं टेम्पोत घालून आणली होती. "त्याला दुसरी देईन," तो म्हणाला. "सीमा माझी बी लेक हाय, यार." भागूआत्या लांबून, पदर नाकाला लावून बघत होती.

पहिला घाव घालण्याआधी प्रभू थांबला. आपल्याच पूर्वजाच्या हातचं काम, एवढं साधलेलं की सांध्यात सुई जात नव्हती, ते फोडायचं. "बा, माफी कर," तो पुटपुटला आणि हातोडा हाणला. दगड निघत गेले. आणि भिंतीच्या तळाशी, कमानीच्या बरोबर मधोमध, दोघांना काय दिसलं? उंबरा! घडवलेला, घासून गुळगुळीत केलेला, काळा कुळकुळीत दगडी उंबरा. त्यावर वाळून काळपट झालेल्या कुंकवाची बोटं. सोनाजीनं दार चिणलं खरं, पण आधी उंबरा बसवून त्याची पूजा केली होती. साहेब आलाच आणि त्यानं हट्टच धरला तर असू द्यावा, म्हणून.

प्रभूनं त्या दगडावरून तळहात फिरवला. कडा कोऱ्या होत्या, धार बोटाला लागत होती. एकही पाय न पडलेला उंबरा. त्याला म्हाताऱ्या सोनाजीची इतकी माया आली की डोळे भरले.

दुपारपर्यंत चौकट बसली, दाराला कडी लागली. कौशल्याबाई टेम्पोत बसून आली, मांडवातलं मोठं घंगाळ आणि तांब्या घेऊन. उंबऱ्याच्या आत पाण्यानं भरलेलं घंगाळ, शेजारी पाट, पाटावर टॉवेल आणि पांढरी टोपी. इनायत म्हणाला, "साहेब टोपीवालाच होता, पर ऐसी टोपी नसेल घातली कधी." भागूआत्यालाही हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं.

मग प्रभू कुंकू लावलेल्या अक्षदा ओंजळीत घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला. समोर रिकामा माळ, उन्हात पांढरा पडलेला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. महिनाभर घरोघरी जाऊन जे म्हटलं तेच तोंडात आलं.

"डमरूसाहेब, आमच्या घरच्यांकडून चुकी झाली. मायेनं झाली. तुमाला लय दिवस तकलीफ झाली. आता दार मोकळं हाय. आज गोरज मुहूर्तावर माझ्या सीमाचं लगन हाय. तर तुमी सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह या... यायचंच."

आणि अक्षदा माळावर भिरकावल्या.

"अबे प्रभू!" इनायत म्हणाला. "एका साहेबाला बोलव म्हणलं, तू त्याची पूरी पलटण बोलावलीस!"

"तोंडाला सवय झाली रे," प्रभू म्हणाला, आणि सगळे हसले. कौशल्याबाई तर इतकी हसली की तिला ठसका लागला. लग्नघरात हसायला काय, निमित्त लागतं.

दिवस कलला. गोल खोलीत पाहुणे दाटीवाटीनं बसले. मधे विकास, मुंडावळ्या बांधलेला. एका बाजूला तातेराव, त्याला खेटून भागूआत्या, हातात जपमाळ. बाहेर निंबाखाली पांढरी घोडी सजवून उभी. खाली गावात सनई लागली होती, अधेमधे ऐकू यायची. नवं दार सताड उघडं. त्यातून तांबडा उजेड तिरपा उंबऱ्यावर पडला होता. प्रभू घंगाळाजवळ उभा, हात जोडलेले, आणि मनात एकच, ठोका येऊ देऊ नको रे देवा. माझ्या लेकीचा संसार त्या एका ठोक्यावर टांगलाय.

उजेड जांभळा झाला. सनई थांबली.

घोडीनं कान टवकारले. मग ती फुरफुरली आणि दोन पावलं बाजूला झाली, वाटेवर कोणाला जागा करून द्यावी तशी.

वास आला. ओल्या घोंगडीचा.

ठोका आला नाही. उघड्या दाराला कोण ठोकतो? उंबऱ्यावरचा उजेड मात्र क्षणभर अडला आणि पुन्हा पडला. आणि घंगाळातलं पाणी... घंगाळातलं पाणी हललं. तांब्या जागचा हलला नव्हता, तरी पायावर पाणी घेतल्याचा तो ओळखीचा आवाज, सळ्... सळ्... सगळ्यांनी ऐकला. भागूआत्याच्या हातातली माळ गळून पडली. तिनं किंचाळायला तोंड उघडलं.

तेवढ्यात कौशल्याबाई बसल्या जागेवरून, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणावं इतक्या सहज बोलली, "या पाव्हणं. बसा. लय वाट पाहायला लावली तुमाला."

खोलीत कोणीतरी श्वास सोडला... कोणी, ते सांगता यायचं नाही. लांबच्या वाटेनं आलेला माणूस टेकतो आणि सोडतो तसा लांब श्वास. भिंतीजवळची गादी हळूच दबली.

विकास उठला. मोठा धीराचा पोरगा निघाला. दबलेल्या गादीकडं तोंड करून त्यानं हात जोडले, "राम राम," म्हणाला, आणि बापाकडं वळला. "बाबा, ठोका न्हाई आला. मुहूर्त चाललाय."

तातेरावानं बहिणीकडं पाहिलं. भागूआत्यानं एकदा गादीकडं, एकदा कौशल्याबाईकडं पाहिलं. तिच्यातली आत्या जागी झाली. "आता पाव्हणे यून बसलेत," ती हळूच म्हणाली, "अन् आपुन उठून गेलो तर आपलीच इज्जत जाईल. चढव लेकराला घोडीवर."

प्रभूला वाटलं, तिला उचलून घ्यावं.

मग काय विचारता! सीमाचं लग्न असं लागलं की खैरमाळ अजून नाव काढतं. अंतरपाट दूर झाला, सीमानं विकासकडं पाहिलं, आणि नवरीनं खाली बघायचं असतं हे साफ विसरली. इनायत वाढप्यांच्या पुढं बुंदीची परात घेऊन धावत होता. तातेराव आणि प्रभू एकमेकांना लाडू भरवताना दोघांच्या मिशा साखरेनं पांढऱ्या झाल्या. पंगतीच्या टोकाला कौशल्याबाईनं काही पत्रावळी रिकाम्या जागी वाढून ठेवायला लावल्या. नंतर त्या उचलायला गेलेल्या बाया म्हणाल्या, अन्न तसंच होतं, पण थंडगार, फ्रिजमधून काढल्यासारखं. उजाडता उजाडता पाठवणी झाली. सीमा बापाच्या गळ्यात पडून रडली, आणि गाडीनं वळण घेताच तिचं हसू फाट्यापर्यंत ऐकू आलं.

प्रभू दिवसभर मेल्यासारखा झोपला. उठला तेव्हा उन्हं कलली होती. कोठीला कुलूप घालायचं, गाद्या परत करायच्या होत्या. इनायतला घेऊन तो माळावर गेला.

कोठीत कोणी नव्हतं. घंगाळातलं पाणी गढूळ झालं होतं, तळाला चिखल बसलेला. टॉवेल वापरून, चुरगळून पाटावर टाकलेला. टोपी नव्हती. इनायत हसला, "घेऊन गेला बघ साहेब. पसंद पडली."

प्रभूही हसत वाकला, आणि त्याचं हसू तसंच राहिलं.

उंबरा झिजला होता. काल हातानं चाचपलेली ती कोरी धार गेली होती. मधोमध दगड खोलगट झाला होता, जुन्या देवळाच्या पायरीसारखा, वाटीएवढं पाणी साचेल इतका. प्रभू पिढीजात गवंडी. दगड असा झिजायला किती माणसांचे पाय लागतात, किती वर्षं लागतात, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"इनायत... काल हितून कितीजण आत आले रे?"

"आपण. अन् तो."

प्रभूनं गाद्या टेम्पोत टाकल्या. नवं दार बाहेरून ओढून घेतलं, कुलूप अडकवायला कडी हातात धरली. आणि त्याच्या कानावर आलं ते आतून. एक लेकरू खिदळत धावत गेलं, बाईमाणसाचा दटावल्याचा सूर, मग भिंतीतल्या चुलीत लाकूड तडकल्याचा आवाज. त्यानं वर पाहिलं. कधीही न पेटलेल्या धुराड्यातून बारीक निळा धूर निघून निंबावर पसरत होता.

त्याला भीती वाटायला हवी होती. पण आजच लेक सासरी गेलेल्या बापाला, एक घर असं भरलेलं ऐकून, आधी बरंच वाटलं. "राहू दे," तो म्हणाला. कुलूप खिशात टाकलं, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि दोघं टेम्पोकडं निघाले. निंबापर्यंत गेले असतील.

ठक्... ठक्.

दोघं वळले. दारापाशी, बाहेरच्या अंगाला, कोणीच दिसत नव्हतं.

ठक्.

आतली कडी निघाल्याचं खळ्ळकन ऐकू आलं. दार आतून उघडलं. पिवळा उजेड उंबऱ्यावर सांडला, कोणीतरी मोठ्यानं आनंदानं हसलं, आणि दार पुन्हा लागलं.

इनायतनं प्रभूचं मनगट धरलं.

"तू अक्षद देताना काय म्हणला होतास रे? सहकुटुंब, सहपरिवार... अन् पुढं?"

"इष्टमित्रांसह..." प्रभू म्हणाला. तो उताराखाली बघत होता. वाट रिकामी होती, पण तिच्यावर धूळ उठायला लागली होती. आणि हिंगोलीच्या अंगानं घोड्यांच्या टापा वाजत येत होत्या. सावकाश, शिस्तीत, आणि त्या काही एकदोन घोड्यांच्या नव्हत्या.